कोयनेवरच्या आजच्या इंजिनीअर मंडळींना खुलं पत्र: आमच्या अण्णांच्या वह्या घेऊन जा

नमस्कार मंडळी,

तुमच्यापैकी कुणालाच मी ओळखत नाही आणि तुम्ही मला ओळखायचं काही कारण नाही. ज्युनिअर इंजिनीअर असाल, डेप्युटी असाल, नाहीतर नुकतीच परीक्षा पास होऊन पहिलंच पोस्टिंग कोयनेला मिळालं म्हणून तोंड वाकडं करून आलेले असाल (पाऊस, जळवा, मोबाइलला रेंज नाही, बायको नाहीतर नवरा पुण्यात, सगळं माहितीये मला), हे पत्र तुम्हालाच आहे. मोठ्या साहेबांना मुद्दामच लिहिलं नाही. त्यांच्याकडं पत्र गेलं की त्याला आवक नंबर पडतो आणि मग त्याची फाइल होते. मला वाचणारं माणूस पाहिजे.

तर विषय असा की आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्या वर्षी गेले, वय ८३, झोपेतच गेले, फार त्रास झाला नाही. सांगलीच्या वालचंद कॉलेजातनं सिव्हिल करून १९६३ ला ते कोयनेवर लागले आणि १९९९ ला तिथनंच रिटायर झाले, मधे थोडी वर्षं इकडंतिकडं बदली झाली ती सोडली तर सगळी नोकरी कोयनानगर, पोफळी, अलोरे आणि परत कोयनानगर. म्हणजे धरण जवळजवळ बांधून होत आलं होतं तेव्हा आले, भूकंपात तिथं होते, भूकंपानंतर धरणाला टेकू दिले त्या कामावर होते, मग घाट उतरून खाली वीज प्रकल्पाचा तिसरा टप्पा, कोळकेवाडी, आणि शेवटी चौथा टप्पा. मागं ठेवलं काय तर एक स्लाइड रूल, आईनं विणलेला मरून स्वेटर (दोन्ही कोपरांना ठिगळ), आणि एक पत्र्याची ट्रंक भरून फील्डबुकं. या ट्रंकेसाठीच लिहितेय.

आधीच सांगते, ही श्रद्धांजली नाही. पेपरात येतात ना त्या, मनमिळाऊ, निगर्वी, कर्तव्यदक्ष, तसलं मला लिहायचं नाही, कारण अण्णा मनमिळाऊ अजिबात नव्हते. कुणाच्या लग्नाला गेले तर मांडवाचे खांब हलवून बघायचे आणि मुलीच्या बापाला बाजूला घेऊन सांगायचे, हा कोपऱ्यातला जरा बघून घ्या. जेवणाला चांगलं म्हणणं त्यांना जमायचंच नाही, फार तर "कालच्यापेक्षा बरं". कुंभार्ली घाट उतरताना एसटीत डोळे मिटून बसायचे. जन्मभर धरणावर नोकरी केली आणि पोहता येत नव्हतं, विचारलं की म्हणायचे मी पोहायची वेळ येऊ नये म्हणूनच तर मला पगार देतात.

पण घर म्हणजे त्यांचा जीव होता. हे वाक्यसुद्धा पेपरातल्यासारखंच झालं, म्हणून वह्यांचंच सांगते.

फील्डबुक तुम्हाला माहितीच असेल, ती लांबट, जाड पुठ्ठ्याची, खिशात मावणारी. आता तुमच्याकडं टॅब असतील. अण्णा एक वही दोन बाजूंनी वापरायचे. पुढून साइट आणि वही उलटी करून मागून घर. पुढून लेव्हलची (जमिनीची उंची मोजायच्या दुर्बिणीची) रीडिंग, काँक्रीटच्या बॅचचा हिशेब, मजुरांची हजेरी, धरणाच्या पोटातल्या कुठल्या गॅलरीत कुठं ओल दिसली. मागून रॉकेल किती आणलं, दादाला ताप १०१, छोटीची (म्हणजे माझी) चप्पल तुटली, हिला कराडला सोडले, परतीची एसटी चुकली. आणि पावसाळा लांबला की दोन्ही बाजू वहीच्या मधे येऊन एकमेकीला भिडायच्या, मग एकाच पानावर वर धरण आणि खाली आम्ही. १९७० च्या दशकातल्या एका वहीत असं आहे: "रात्री २.४० धक्का. मुले उठली नाहीत. सकाळी गॅलरी पाहिली, गळती नेहमीइतकीच."

हे पान मी किती वेळा वाचलं असेल सांगता येत नाही.

गळतीचं बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते, तुम्हाला सांगायची गरज नाही. धरण म्हटलं की लोकांना वाटतं अख्खी भिंत सुकी ठणठणीत असते. तसं नसतं, कुठल्याही धरणातनं थोडं पाणी झिरपतं, कोयनेसारख्या मोठ्या धरणाच्या पोटात आडव्या गॅलऱ्या ठेवलेल्या असतात, तिथं ते झिरपलेलं पाणी नाल्यातनं एका व्ही आकाराच्या खाचेवरनं पडतं, खाचेवर पाण्याची उंची किती आहे ते मोजलं की मिनिटाला किती लिटर येतंय ते निघतं. पाणी आलं म्हणून कुणी घाबरत नाही. काल होतं त्याच्यापेक्षा आज जास्त का, हे बघायचं. आणि भिंतीवर पांढरं साचतंय का, म्हणजे काँक्रीटमधला चुना धुऊन बाहेर येतोय का, तेही. अण्णा म्हणायचे धरण रोज काहीतरी सांगत असतं, फार हळू बोलतं एवढंच. घरी कुणी आजारी असलं तरी त्यांची हीच पद्धत. ताप किती आहे याच्यापेक्षा कालपेक्षा किती, हा पहिला प्रश्न, आणि लगेच वही.

आता भूकंप. तुम्हाला ट्रेनिंगमधे आकडे शिकवलेले असणार, तरी एकदा लिहिते कारण त्या आकड्यांच्या मधे आमचं घर आहे.

१९६२ च्या आसपास तळ्यात पाणी साठायला लागलं आणि तेव्हापासनंच बारीक बारीक धक्के जाणवायला लागले होते. सप्टेंबर १९६७ मधे एक बऱ्यापैकी मोठा झाला. तरीपण दख्खनचं पठार म्हणजे जुना, पक्का खडक, इथं मोठा भूकंप व्हायचा नाही असंच तेव्हा सगळे धरून चालायचे, अण्णाही तेच शिकून आलेले. धरणाचं डिझाइन करताना भूकंपाचा जोर धरला होता ०.०५ जी, म्हणजे धरणाच्या वजनाच्या विसाव्या हिश्श्याइतका आडवा रेटा. ११ डिसेंबर १९६७, सोमवारची पहाट, ४ वाजून २१ मिनिटं, आणि धरणाच्या आत बसवलेल्या यंत्रानं नोंद केली ०.६३ जी. बारा पटीच्याही वर. तळं तेव्हा बऱ्यापैकी भरलेलं होतं. कोयनानगरातली बहुतेक घरं पडली नाहीतर राहण्यालायक उरली नाहीत, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, वीज गेली, लांब मुंबईत गिरण्या-कारखाने थांबले.

आई तेव्हा सहा महिन्यांची गरोदर, पोटात दादा. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. आई सांगते की आधी आवाज आला, जमिनीच्या आतनं ट्रकची रांग चालल्यासारखा, मग अण्णांनी तिला अक्षरशः उचलून दाराबाहेर काढलं, मागच्या खोलीची भिंत बसली ती त्याच्यानंतर. मोकळ्या जागेत शेजारच्या बायकांच्यात तिला घोंगडी गुंडाळून बसवली, पाणी दिलं, आणि टॉर्च घेऊन धरणाकडं निघून गेले. परत आले तेव्हा दहा वाजून गेले होते.

हे आईनं त्यांना कधी माफ केलं नाही. खरंच नाही. सत्तावन्न वर्षांच्या संसारात कुठल्याही भांडणाचा शेवट तिथंच यायचा, भांडण भाजीवरनं सुरू झालेलं असलं तरी. "मी पोटुशी, डिसेंबरची थंडी, आजूबाजूला लोक रडतायत, आणि हे भिंत बघायला गेले." अण्णा कधीच उत्तर द्यायचे नाहीत, चष्मा पुसत बसायचे. फक्त एकदा, अगदी शेवटी शेवटी, आई आतमधे होती तेव्हा मला म्हणाले, "अगं, कॉलनी धरणाच्या खालच्या अंगाला. भिंत गेली असती तर तिला कुठं नेऊन बसवणार होतो मी?"

त्या दिवसाची वही आहे. पान मळकं, पेन्सिल. "पहाटे ४.२१ मोठा धक्का. ही सुखरूप. धरण उभे आहे. गॅलरीत पाणी वाढले, दुपारी परत जाऊन मोजणे." आधी ही, मग धरण. मला वाटलं आता आईचा राग जाईल, म्हणून अण्णा गेल्यावर तेराव्यानंतर मी तिला ते पान वाचून दाखवलं. तिनं चष्मा मागितला, स्वतः वाचलं, आणि म्हणाली, "लिहिलं असेल. पण गेले ते गेलेच की."

असो. भेगा कुठं पडल्या ते तुम्ही रोज बघता. धरणाचा खालच्या बाजूचा उतार जिथं एकदम बदलतो त्या उंचीला, उंच मोनोलिथना (धरण ज्या उभ्या ठोकळ्यांत बांधतात त्यांना), दोन्ही तोंडांवर आडव्या. १०३ मीटर उंच, ८०७ मीटर लांब रबल काँक्रीटची (काँक्रीटमधे मोठे दगड बसवलेली) भिंत, धरलेल्या जोराच्या बारा पटीचा धक्का खाऊन उभी राहिली आणि चिरली ती नेमकी तिथं. मग भेगांमधे इपॉक्सी (सांधणारं रसायन) भरणं, वरनं खाली भोकं पाडून ताणलेल्या केबल टाकणं, आणि नंतर खालच्या बाजूनं ते जाडजूड काँक्रीटचे टेकू, बट्रेस. ही दुरुस्तीची वर्षं म्हणजे अण्णांच्या नोकरीतली सगळ्यात मोठी वर्षं, असं मी म्हणते, ते स्वतः असं काही म्हणायचे नाहीत. त्या वह्या मात्र सगळ्यात जाड आहेत. एकेका टेकूच्या पायाशी खडक किती साफ केला, जुन्या काँक्रीटला नवीन काँक्रीट धरावं म्हणून काय काय केलं, कुठल्या दिवशी पावसानं काम थांबवलं आणि थांबवलं नसतं तर काय झालं असतं, हे सगळं तारखेनिशी आहे. आणि मागच्या बाजूनं त्याच महिन्यांत दादाचे दात.

माझ्या मुलानं एमटेक करताना एक दिवस मला फोन केला, आई तुला माहितीये का, धरण कसं चिरतं ते कॉम्प्युटरवर करून बघायचं असलं की जगभरात कोयनेचंच उदाहरण घेतात, एका मोठ्या सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमधेच आहे, तोच ११ डिसेंबरचा धक्का. मी अण्णांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "उतार बदलतो तिथंच चिरतंय ना त्यांचं?" म्हटलं हो. "मग बरोबर आहे." झालं, विषय संपला, पुढं टीव्ही लावला.

मला काय म्हणायचंय ते इथं आहे बघा. धक्क्याचा आलेख जगभर गेला, भेगांची उंची जगभर गेली, कोयनेचा भूकंप समजून घ्यायला आता कराडला वेगळी प्रयोगशाळा आहे, डोंगरात ३ किलोमीटर खोल भोक घेऊन झालंय, खूप चांगलं आहे. पण त्या पहाटे आणि त्याच्या नंतर वर्षानुवर्षं टॉर्च घेऊन त्या गॅलऱ्यांत उतरणारी जी माणसं होती, त्यांनी जे बघितलं त्यातलं रजिस्टरात किती आलं? रजिस्टरात आकडा असतो. अण्णांच्या वहीत लिहिलंय की अमुक खाचेचं माप सकाळी नऊच्या आत घ्यावे, नंतर पंपाचे पाणी मिसळते आणि आकडा खोटा येतो. आता पन्नास वर्षांपूर्वीचे आकडे घेऊन कुणी आलेख काढत बसलं तर त्याला हा पंप कुठनं कळणार? असल्या गोष्टी त्या पिढीच्या डोक्यात होत्या आणि ती पिढी आता कराड, सातारा, सांगली, पुण्याच्या फ्लॅटमधे गुडघे धरून बसलीये, दरवर्षी दोघं-चौघं कमी होतायत. अण्णांच्या जुन्या ग्रुपवर "भावपूर्ण श्रद्धांजली"शिवाय दुसरा मेसेज क्वचित येतो.

मी एका सरकारी ऑफिसात (तुमच्या प्रकल्पाचं नाही, आणि नाव घेत नाही) या वह्यांबद्दल विचारलं होतं. तिथले गृहस्थ चांगलेच होते, चहा पाजला, आणि म्हणाले मॅडम, पुढची पानं झेरॉक्स काढून द्या, मागचा घरगुती भाग काढून टाका, त्याचा काय उपयोग. तेव्हापासनं माझ्या डोक्यात ते बसलंय. घरगुती भाग काढून टाका.

कसा काढणार? अलोऱ्याला असताना आईला डी.एड. करायचं होतं. तेव्हा कॉलनीत लग्न झालेल्या, दोन मुलांच्या बाईनं परत शिकायला जाणं म्हणजे चर्चेचाच विषय, आणि नवरा मागं पोरं सांभाळतोय म्हणजे तर काय विचारूच नका. आई आठवडाभर कराडला मावशीकडं राहायची, शनिवारी यायची. ती दोन वर्षं अण्णांनी आम्हाला सांभाळलं. सकाळी वेण्या घालायचे माझ्या, इतक्या ताणून की दुपारपर्यंत भुवया वर. स्वयंपाक म्हणजे पिठलं-भात, भात-पिठलं. भाताचं पाणी बोटाच्या पेरानं नाही, मापानं, आणि त्याची वहीत नोंद: तांदूळ १, पाणी २, चिकट, तांदूळ १, पाणी पावणेदोन, ठीक, नवीन तांदूळ, पाणी कमी. कोळकेवाडीच्या काँक्रीटचं मिक्स आणि आमच्या भाताचं मिक्स एकाच वहीत दोन टोकांना आणि पद्धत तीच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायचं. यातलं घरगुती कुठलं आणि तांत्रिक कुठलं?

आमची उंचीसुद्धा ते लेव्हलच्या स्टाफनं मोजायचे. दर वाढदिवसाला भिंतीशी उभं करून तो लाल-काळ्या आकड्यांचा दांडा मागं धरायचे, टाचा टेकव, हनुवटी खाली, आणि शेजारच्या काकांना दुसरं रीडिंग घ्यायला बोलवायचे, कारण एकट्याचं रीडिंग म्हणजे रीडिंगच नाही. दादाची आणि माझी जन्मापासनं कॉलेजात जाईपर्यंतची उंची मिलिमीटरमधे आहे. एका वर्षी मी कमी भरले होते आदल्या वर्षीपेक्षा, तर समोर लिहिलंय "मागील रीडिंग संशयास्पद".

धक्के तर आमच्याकडं रोजचेच. बाहेरच्यांना खरं वाटत नाही पण कोयनेची पोरं धक्क्याला घाबरत नाहीत, अंदाज लावतात. भांडी वाजली, हा तीन रिश्टरचा. पंखा हलला, साडेतीन-चार. पण अण्णांचे घरात नियम होते. फडताळावर जड काही ठेवायचं नाही. कॉटच्या डोक्याशी आरसा, फोटो काही नाही, आमच्या घरातले देवसुद्धा खालच्या फळीवर. दाराजवळची जागा कायम त्यांची, आणि रात्री दाराची कडी तेवढी वरची लावायची, खालची नाही, चौकट हलली की खालची अडकते म्हणे. आजही पुण्यात चौथ्या मजल्यावर आई खालची कडी लावू देत नाही.

आता एक गोष्ट, जी तुमच्यापैकी काहींना आवडणार नाही कदाचित. आमच्या घरी भाकरी करायला एक मावशी यायच्या, त्यांचं गाव तळ्यात गेलेलं. शाळेत आम्हाला शिकवायचे की कोयना ही महाराष्ट्राची भाग्यरेषा, आम्ही ते घरी येऊन मोठ्यांदा पाठ करायचो आणि मावशी चुलीपुढं ऐकायच्या. कधी काही बोलल्या नाहीत. एकदा उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलेलं तेव्हा अण्णा आम्हाला वर घेऊन गेले होते, मावशी बरोबर होत्या, त्यांनी हात करून दाखवलं, त्या तिथं आमचं खळं. अण्णा तिथं काही बोलले नाहीत पण त्या दिवसाच्या वहीत मागच्या बाजूला लिहिलंय: "बाईंचा अर्ज पुन्हा लिहून देणे. गट नंबर विचारून घेणे." पुन्हा, म्हणजे आधी दिलेलाच होता. नंतर बघितलं तर असे अर्ज बरेच आहेत, वेगवेगळ्या माणसांचे, नुसते गावाचे नाव आणि एक-दोन शब्द, जमीन, दाखला, वारस नोंद. धरणग्रस्त कुठं कुठं फेकले गेले, सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड, आणि त्यांच्या तिसऱ्या पिढीला अजून कागदासाठी कोयनानगरात येऊन ठिय्या द्यायला लागतो हे तुम्ही खिडकीतनं बघता. अण्णांनी काही आंदोलन वगैरे केलं नाही, त्यांच्यात ते नव्हतंच, धरण नको होतं असंही ते कधी म्हणाले नाहीत. अर्ज मात्र लिहून दिले, रात्री जेवण झाल्यावर, स्वतःच्या कागदावर. तर या वह्या तुम्ही घेतल्यात तर ही पानंही त्यात आहेत, हे आधीच सांगितलेलं बरं.

शेवटची चांगली वही १९९९ ची. चौथ्या टप्प्याचं लेक टॅपिंग, १३ मार्च १९९९, शनिवार. तळं रिकामं न करता, खालनं बोगदा खणत खणत तळ्याच्या बुडापर्यंत न्यायचा, शेवटचा खडकाचा बूच ठेवायचा आणि तो सुरुंगानं उडवायचा की पाणी आपोआप बोगद्यात. आशियात पहिल्यांदा झालं असं ते, तंत्र नॉर्वेकडचं. अण्णांच्या रिटायरमेंटला तेव्हा काहीच महिने राहिले होते आणि त्यांचं काम म्हणाल तर कागदपत्रांचंच जास्त होतं, ते स्वतःच सांगायचे की मी फक्त फायली धरून उभा होतो. पण त्या संध्याकाळी एसटीडीवरनं मला फोन आला, पैसे पडतात म्हणून एरवी अर्ध्या मिनिटात ठेवणारा माणूस, इतका वेळ बोलत होता की बूथवाल्यानं मधे काहीतरी म्हटलेलं मला ऐकू आलं. बोगद्याच्या तोंडाला किती मीटर खडक ठेवलेला, स्फोट झाल्यावर तळ्यावर पाणी कसं उसळलं, सगळं. मी म्हटलं अण्णा आईला सांगितलंत का? म्हणाले, "तिला सकाळीच सांगून आलोय की आज मी धरणाकडं चाललोय, पण वेळेत परत येईन."

आणि वेळेत आले. त्याची नोंद आहे मागच्या बाजूला.

१९६० मेगावॅटचा प्रकल्प तुम्ही चालवता, पावसाळ्यात दरवाजे उघडायचे की नाही यावर खाली कराड-सांगली जागी असते, आणि पश्चिमेला पाणी सोडलं की चिपळूण. २०२१ च्या जुलैच्या पुरात तुमच्यातले किती जण किती रात्री घरी गेले नसतील याचा अंदाज मला आहे, कारण असल्या रात्रींना घरी कोण जागं असतं ते मला माहितीये. म्हणून तुम्हाला लिहिलं. या वह्या तुम्हाला वाचता येतील, रीडिंग कळतील आणि मधल्या ओळीही.

तर ट्रंक पुण्यात आमच्याकडं आहे. वह्या वर्षाप्रमाणं लावून ठेवल्यात, एकेक प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबरगोळ्या घालून. अलोऱ्याच्या काळातल्या दोन भिजलेल्या आहेत, पानं चिकटलीत, ती ओढू नका, कुणी जाणकार असेल तर त्यालाच उघडू दे. घेऊन जायच्या असतील तर सगळ्या न्या, निवडून नको, आणि स्कॅन करायच्या असतील तर दोन्ही बाजूंनी करा, भात, चपला, ताप, अर्ज सगळं. काचेच्या कपाटात हार घालून ठेवणार असाल तर मात्र नको, त्यापेक्षा तुमच्यातल्या नवीन पोरापोरींना वाचायला द्या, पानं मळली तर मळू देत. आणि नुसत्या आमच्या अण्णांच्या कशाला, त्यांच्याबरोबरच्या वर्कचार्ज (कामाच्या खर्चातनं पगार मिळणाऱ्या) कामगारांपैकी, मुकादमांपैकी जे कोण आहेत, पाटणच्या बाजूला, चिपळूणच्या बाजूला, त्यांच्याकडं वह्या नसतील पण ते बोलतात, मोबाइलवर रेकॉर्ड करायला तुम्हाला कितीसा वेळ लागतो. बायकांनाही विचारा. कुठला धक्का किती वाजता झाला हे आमच्या आईला अण्णांपेक्षा जास्त पाठ आहे.

१९६७ ची वही आई देणार नाही, स्वच्छ सांगितलंय तिनं. तिच्यासमोर बसून फोटो काढा आणि परत तिच्या हातात द्या. रविवारी आलात तर बरं, पण चारनंतर या, दुपारी ती झोपते. आमचा पत्ता तुमच्याच कॉलनीतल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, अण्णांचं नाव नाही कळलं तरी "मांडवाचे खांब हलवणारे साहेब" म्हटलं की सांगतील. आणि एवढा घाट चढून-उतरून याल तर जेवूनच जा, पिठलं-भात होईल.

तुमची,
कॉलनीतलीच एक मुलगी